साक्षीला गेलेलं रक्त

विश्रांतवाडी, पुणे
२० जानेवारी २०२६

दादा,

जयभीम. खुशाली विचारत नाही, कारण विचारली तरी तू सांगणार नाहीस, आणि आमची तुला ऐकायची नाही.

त्या दिवशी तू कॉलेजच्या गेटवर उभा दिसलास तेव्हा मी धावतच आले. म्हटलं, कोण गेलं? दोन वर्षांत तुला खराडीहून वाघोलीपर्यंत यायला सवड झाली नव्हती, एकाच रस्त्यावर असूनही. मग कळलं की कोणी गेलेलं नाही, तुझं लग्न ठरलंय. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि तू दुसऱ्याच वाक्याला काम सांगितलंस. "पप्पा म्हणतात सोडली. आधीपण म्हणायचे. तू लॅबचंच शिकतेस ना? मला शब्द नकोय, रिपोर्ट दे. क्लीन असेल तर मी स्वतः घरी येऊन त्यांना लग्नाला बोलावतो. नसेल तर ते तिथे दिसता कामा नयेत." एवढं बोलून कॅब बोलावलीस. होणाऱ्या वहिनीचं नाव निकिता, हेसुद्धा मी मागून ओरडून विचारलं तेव्हा कळलं.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. तुझ्या कंपनीच्या गेटवर पप्पा झिंगून आले, वॉचमनशी भांडले, आणि तुझ्या साहेबांनी काचेतून सगळं पाहिलं. त्यानंतर तू गेलास. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सोडली, ते मात्र तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. निदान मला वाटत होतं की पाहिलंय.

कागदावर का लिहितेय, तर माझा फोन आमच्या घरात सार्वजनिक आहे. सकाळी आई त्याच्यावर रेसिपी बघते, संध्याकाळी पप्पा पेन्शनचा मेसेज शोधतात. तुझ्या नावाचं काही दिसलं तर दोघं जेवायचे नाहीत.

तर काम केलं. काल सकाळी पप्पांना म्हटलं, "प्रॅक्टिकलसाठी रक्त हवंय." बाही वर करून ते खुर्चीत बसलेसुद्धा. "घे, हवं तेवढं घे. अभय शिकला, तू शिकतेस, आता माझं रक्तपण विद्यापीठात जाऊ दे." मी हसले. हसताना माझी मलाच लाज वाटली, पण हात थांबला नाही. पहिल्यांदा शीर निसटली. दुसऱ्यांदा टोचल्यावर रक्त येईना, आणि बस तर चुकायला आली होती. मग दट्ट्या जोरात ओढला, सिरिंज भरली आणि सुईसकट दाबून ट्यूबमध्ये रिकामी केली. पप्पा हूं की चूं न करता बसले होते. फिटरचा हात आहे तो, त्याला सुईचं काय.

कॉलेजात मशीन फिरवून रक्तातलं पाणी वेगळं केलं. ते पिवळसर यायचं, हे जरा लालसर आलं. भाग्यश्री, म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, म्हणाली, "पेशंटचं थोडंच आहे? चालतंय." ट्यूबवर मी नाव लिहिलं नव्हतं. फक्त 'पुरुष, ५८' असं लिहिलं होतं.

यकृताच्या दोन तपासण्या केल्या. एक एसजीओटी, एक एसजीपीटी. यकृत बिघडलं की दोन्ही वाढतात, पण पिणाऱ्या माणसाची पहिली दुसरीच्या दुपटीच्या वर जाते. हे आम्हाला मागच्याच सेमिस्टरला शिकवलंय. पप्पांची पहिली आली ब्याण्णव, दुसरी अडतीस.

तुला हवा होता तो आकडा हा. अजून काही ठरवू नकोस. मी नजर ठेवते.

चैताली


२७ जानेवारी

दादा,

नजर ठेवली. ठेवली नसती तर बरं झालं असतं.

आठवडाभर मी घरात पोलिसासारखी वावरतेय. जेवण झालं की पप्पा "जरा पाय मोकळे करतो" म्हणून निघतात. पूर्वी चौकापर्यंत जाऊन लगेच परत यायचे, आता बराच वेळ येत नाहीत. आले की तोंडाला लवंगेचा वास. लवंग कोण खातं आणि कशासाठी खातं, हे या घरात सांगायची गरज नाही. एकदा मी मागोमाग गेले. बाबुराव मिस्त्रींच्या दारात दोघं उभे होते. बाबुरावांनी आतून आणून काहीतरी पप्पांच्या हातात दिलं आणि पप्पांनी ते मुठीत झाकलं. मला पाहिल्यावर म्हणाले, "तू इथे काय करतेस?" मी म्हटलं, "हेच विचारायला आले होते."

बोलतानाही तोंड पूर्ण उघडत नाहीत. आई काही विचारायला लागली की मान वळवून उत्तर देतात. आईला म्हटलं, तुला काही वेगळं वाटतं का? ती म्हणाली, "मला तू वेगळी वाटतेस." आईचा विश्वास एकदा बसला की उठत नाही, आणि तिच्या या सवयीनंच आपलं अर्धं बालपण खाल्लंय.

पण मुख्य गोष्ट रविवारची. तुला आठवतं का, विहारात वंदना चालू असताना पप्पा पंचशीलातली चार शीलं खणखणीत म्हणायचे आणि पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, आलं की ओठ मिटायचे? लोक हसायचे. तुझी मान खाली जायची. मला मात्र तेव्हाही वाटायचं की हा माणूस पितो, पण निदान खोटी शपथ घेत नाही. सोडल्यानंतर पहिल्या रविवारी त्यांनी पाचवं शील इतक्या मोठ्यांदा म्हटलं होतं की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यानंतर दोन वर्षं एकही रविवार चुकला नाही.

या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या मागे बसले. चार शीलं झाली. पाचव्याला पप्पा गप्प.

आता अजून काय हवं, दादा? रिपोर्टही तेच सांगतोय, लवंगही तेच सांगतेय, आणि ते स्वतः तोंड मिटून तेच सांगतायत. तुझं खरं होतं. त्यांना बोलावू नकोस. तिथे निकिताच्या माणसांसमोर पुन्हा तसं काही झालं तर मला सहन होणार नाही.

हे लिहिताना मी गच्चीवर येऊन रडलेय, म्हणून अक्षर असं आलंय.

चैताली


५ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी भाग्यश्रीच्या पत्त्यावर मिळाली. मी दोन पानं लिहिते आणि तू दोन ओळी. "समजलं. लग्न २२ फेब्रुवारीला, येरवड्याच्या हॉलवर. तू आणि आई या, त्यांना सांगू नका." इंजिनिअर झालास म्हणून काय माणसांनापण कमांड देणार का?

आईला सांगितलं. रिपोर्टचं नाही, फक्त लग्नाचं. मला वाटलं रडेल. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "मी तिथे एकटी उभी राहू? माझा माणूस घरात जिवंत बसलाय." ती येणार नाही असं तिनं म्हटलेलं नाही. येणार असंही म्हटलेलं नाही.

आणि पप्पांना कळलंय बहुतेक. कोणी सांगितलं माहीत नाही. काल त्यांनी कपाटातला तो राखाडी सफारी काढून उन्हात टाकला. मी विचारलं, "कुठे जायचंय?" म्हणाले, "कुठे नाही. कसर लागते कपड्याला." मग खूप वेळ ते दोरीपाशीच उभे होते.

एक विचारते, राग मानू नकोस. निकिताच्या घरी तू पप्पांबद्दल काय सांगितलंयस? त्या दिवशी तू 'ते', 'त्यांना' असंच बोलत होतास, आणि मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ते आहेत, एवढं तरी सांगितलंयस ना? की वडील वारले म्हणून मोकळा झालास? हल्ली मला कोणाचंच खरं वाटेनासं झालंय. भाग्यश्री माझ्या वहीत डोकावली तरी वाटतं, काहीतरी शोधतेय. दूधवाला पप्पांशी हसून बोलला तरी वाटतं, याला माहीत आहे. शंका घेणं हाच आपला धंदा, असं आमच्या बर्वे मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतात. मी आता घरातही धंद्यावरच असते.

लवकर उत्तर दे. दोन ओळींत दे, पण दे.

चैताली


१३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस, आणि शेवटपर्यंत वाच.

काल प्रॅक्टिकलला भाग्यश्रीनं स्वतःचं रक्त द्यायचं ठरलं आणि काढायचं मी. मला तिची शीर सापडेना म्हणून मॅडमनी सार्थकला बोलावलं. तो आमच्या बॅचचा घाईखोर. त्यानं दट्ट्या खसकन ओढला आणि सुई न काढताच रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडलं. मॅडम म्हणाल्या, "सार्थकराव, रक्त आहे ते. रंगपंचमी नाही." ट्यूब फिरवली तर वरचं पाणी लालसर. तो म्हणाला, फेकून देतो. मॅडम म्हणाल्या, "नाही. लावा मशीनला. कचऱ्यातून काय येतं तेही एकदा बघून घ्या."

भाग्यश्रीची पहिली तपासणी आली शहाऐंशी. दुसरी पस्तीस. मी वहीचं मागचं पान उलटून बघितलं.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "दुपटीच्या वर. या हिशेबानं आपण रोज रात्री क्वार्टर मारता. मारता का?" अख्खा वर्ग हसला. भाग्यश्रीला दारूच्या दुकानावरून जायचं असलं तरी ती रस्ता बदलते. मग मॅडमनी समजावलं. बारीक सुईतून रक्त जोरानं दाबलं की त्यातल्या लाल पेशी फुटतात. त्या पेशींच्या पोटात हे पहिलं द्रव्य भरपूर असतं, दुसरं अगदी कमी. पेशी फुटल्या की पहिल्याचा आकडा उडी मारतो, दुसरा जागच्या जागी. आणि शिकाऊ माणूस म्हणतो, पेशंट पितो. मॅडमनी भाग्यश्रीच्या दुसऱ्या हातातून सावकाश रक्त काढलं. ते पाणी पिवळं आलं आणि दोन्ही आकडे चाळिशीच्या आत आले.

मग त्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आधी ट्यूबवर शंका घ्या. मग काढणाऱ्या हातावर. मग तपासणीच्या औषधावर, मशीनवर. माणसावर सगळ्यात शेवटी. तुम्ही मुलं उलटं सुरू करता. शंकेला शिस्त नसेल तर ती चहाडी होते."

त्यांना काहीच माहीत नाही, दादा. त्या वर्गाशी बोलत होत्या. पण मला वाटलं, माझं नाव घेऊन बोलतायत. पप्पांचं रक्त मी अगदी तस्संच काढलं होतं. तसंच लालसर आलं होतं. मला ते दिसलंही होतं. दिसूनही मी पुढे गेले, कारण तू प्रश्न विचारलास तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं. मी फक्त त्याला आकडा शोधत होते.

घरी आले तर पप्पा गालात कापूस धरून बसलेले. आई म्हणाली, "दाढ काढून आणली एकदाची. किती दिवस सडली होती, हे आज डॉक्टरकडून कळलं मला." लोखंड कापणारा माणूस दातांच्या डॉक्टरला घाबरतो, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. म्हणून लवंग. म्हणून मान वळवून बोलणं. आणि बाबुरावांनी दिलं होतं ते? मी विचारलं. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग भिंतीकडे. "ब्रँडीचा बोळा. बाबुराव म्हणाला, दाढेत धर, ठणका जाईल. धरला. लगेच थुंकला, चूळ भरली. पण तोंडात घेतली ना गं. त्या रविवारी मग ते वाक्य म्हणवेना. या तोंडानं कसं म्हणू?"

एवढ्यासाठी, दादा. एका थुंकलेल्या बोळ्यासाठी ते गप्प बसले. आणि मी मागच्या चटईवर बसून त्यांचा गुन्हा पक्का केला.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तू गेटवर आलास ते, प्रॅक्टिकलचं खोटं, ब्याण्णव आणि अडतीस, तुला लिहिलेली पत्रं. पप्पांनी तोंडातला कापूस काढून कागदात गुंडाळला. म्हणाले, "म्हणजे माझं रक्त विद्यापीठात शिकायला नाही गेलं. साक्षीला गेलं होतं."

मी पाया पडले. म्हटलं, पप्पा, परत काढते, नीट काढते, दादाला खरा रिपोर्ट पाठवते, तो येईल. त्यांनी बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. "नाही. त्याला सांग, बापाला विचारलं तर बाप येईल. तपासून बोलवायचं असेल तर रिपोर्टालाच बोलाव म्हणावं. त्यालाच पुढची खुर्ची दे, त्यालाच हार घाल."

म्हणून या पाकिटात रिपोर्ट नाही. तो मी काढणार नाही, तू सांगितलंस तरी नाही. तुझ्याकडे आता दोनच गोष्टी आहेत. एक मी नासवलेलं सॅम्पल, आणि दुसरा पप्पांचा शब्द. माझ्यावर काय चिडायचं ते नंतर चिड, मी कुठे पळून जात नाही. पण लग्नाला आठवडा राहिलाय. त्यांना यायचंय, दादा. सफारी अजून कपाटात आत गेलेला नाही.

चैताली


२१ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या हॉलवर तुझ्या हातात देईन. लग्न लागल्यावर वाच, आधी वाचलंस तर चेहऱ्यावर दिसेल.

काल तू दारात उभा राहिलास तेव्हा आईला तुला ओळखायला क्षण लागला. महिन्याभरात दाढी ठेवलीयस ते कोणी सांगितलं होतं आम्हाला? तू आत आलास, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिलास, मग पप्पांसमोर. पत्रिका पुढे केलीस. "पप्पा, रविवारी लग्न आहे. तुम्ही या." एवढंच. पप्पा म्हणाले, "निकिताच्या घरच्यांना माहीत आहे का, मी आहे ते?" तू म्हणालास, "आजारी असतात असं सांगितलं होतं. आज सकाळी खरं सांगितलं." म्हणजे माझी शंका अर्धी खरी निघाली. तेवढ्यावर मी थांबले, हे नोंदवून ठेव.

मग तू वाकलास आणि वाकून उठताना पप्पांना मिठी मारलीस. आई डोळे पुसत आत पळाली, तिला काही दिसलं नाही. मी तुझ्या समोरच होते. तू त्यांच्या मानेपाशी तोंड नेलंस आणि श्वास आत ओढलास. दीर्घ. रडणारा माणूस तसा श्वास घेत नाही. तू वास घेतलास, दादा.

मी पाहिलं. आणि पप्पांच्या पाठीवरचा तुझा हात सैल झाला तेव्हा पप्पांचा चेहरा माझ्याकडे होता. त्यांनाही कळलं होतं.

चहा घेऊन तू गेलास. मी जिन्यापर्यंत सोडायला आले नाही, कारण आले असते तर तुला दोन थोबाडीत दिल्या असत्या. तशीच पप्पांसमोर बसले. त्यांची माफी तुझ्या वतीनं मागावी की तुला शिव्या घालाव्यात, हे मला ठरवता येईना. मी म्हटलं, "पप्पा, त्यानं…"

"वास घेतला त्यानं," पप्पा म्हणाले. पत्रिकेवरची नावं ते बोटानं एकेक वाचत होते. स्वतःच्या नावावर बोट थांबलं होतं. "घेऊ दे. दोन वर्षं लांबूनच तोंड फिरवत होता. आज निदान जवळ येऊन घेतला."

आणि मग मला म्हणाले, परवा लवकर उठव, येरवड्याला रविवारी बस वेळेवर मिळत नाही.

आम्ही तिघं येतोय.

चैताली